ओतीव

साबिनच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना संपली तशी लेओन्तिना आत्यानं कोलिव्ह्याचं ताट रुमालानं झाकलं आणि इलिन्काला म्हणाली, "चल. आता त्या म्हाताऱ्यांच्यात. तुझ्या बापाचं खरं देऊळ तेच."

आत्याच्या बोलण्याला धार होती. भावानं आयुष्यभर प्रत्येक रविवारी चर्चऐवजी नाणेमंडळ गाठलं, हे तिनं त्याला मरेपर्यंत माफ केलं नव्हतं. तरी शिजवलेल्या गव्हाचं ते गोड ताट तिनं मोठंच केलं होतं. वर पिठीसाखरेचा जाड थर आणि मधोमध अक्रोडांचा क्रूस. मंडळातल्या प्रत्येकाला चमचाभर तरी मिळालं पाहिजे, नाहीतर साबिनची बहीण हात आखडते म्हणतील.

इलिन्कानं बाबांच्या नाण्यांच्या तबकांची पेटी उचलली. ती तिनंच बांधली होती, बाबांच्या झोपायच्या सदऱ्यात गुंडाळून. दुसरं काही हाताशी नव्हतं असं तिनं आत्याला सांगितलं. घरात टॉवेल भरपूर होते.

रुमेनियातल्या ब्राइला गावच्या नाणेमंडळात एक जुनी रीत होती. सभासद गेला, की चाळिसाव्यानंतर त्याची तबकं लांब टेबलावर मांडायची. प्रत्येकानं आठवण म्हणून त्यातलं एक नाणं उचलायचं आणि त्याच्या जागी आपलं एक ठेवायचं. तबकातला एकही खळगा रिकामा राहता कामा नये, एवढाच नियम. रीत ज्यानं घातली त्यानं चांगल्या मनानंच घातली असणार. पण रीतही नाण्यासारखीच, हातोहाती फिरली की झिजते. आताशा लोक रोमन चांदी उचलत आणि तिथे राजाच्या काळातली, चलनातून गेलेली चिल्लर ठेवत. इलिन्काला हे ठाऊक होतं. लहानपणी बाबांचं बोट धरून ती इथे यायची, तेव्हा तिनं दोन-तीन मयत सभासदांची तबकं अशी बदललेली पाहिली होती. तरी ती आली. रीत मोडली असती तर बाबांना लाज वाटली असती.

वाचनालयाच्या माडीवरची ती खोली बदलली नव्हती. हिरव्या कापडाचं टेबल, खिडकीतून दिसणारे बंदरातले गंजके क्रेन, ओल्या ओव्हरकोटांचा वास. दहा-बारा म्हातारे उठून उभे राहिले. डॅन्यूबवर जन्मभर जहाजांना वाट दाखवलेला कोस्ताके सगळ्यात आधी पुढे आला. त्याचं पोट त्याच्याआधी पोहोचलं.

"ये पोरी, ये. लेओन्तिनाबाई, ताट इकडे द्या, तुमचा हात भरून येईल. साबिनच्या नावानं आज मी दोन वेळा खाणार. डॉक्टरांनी साखर बंद केलीय, पण मेलेल्याला नाही म्हणू नये."

"तुम्हाला जिवंत माणसालाही कधी नाही म्हणता आलं नाही," आत्या म्हणाली.

म्हातारे हसले. त्यांच्या मागे, खिडकीशी, डॉक्टर पाम्फिल उभे होते. उंच, सडपातळ, पांढरी मिशी नीट कातरलेली. अर्ध्या गावाचे दात त्यांनी बसवले होते; इलिन्काची एक दाढही त्यांचीच होती. ते मंडळाचे अध्यक्ष होते आणि बाबांचे सगळ्यात जुने मित्र. त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि काही बोलले नाहीत. तिला ते बरं वाटलं. गेले कित्येक दिवस जो तो काहीतरी बोलत होता.

तिनं पेटी उघडली आणि तबकं मांडू लागली. शेवटच्या तबकाच्या कोपऱ्यात तिनं ते एक नाणं ठेवलं होतं. ठेवावं की नाही याचा तिनं विचार केला होता. ते तबकातलं नव्हतंच. पण खोट्या नाण्यांच्या डब्यात टाकायला तिचा हात धजला नाही.

बाबांच्या, म्हणजे साबिन चेर्केझांच्या, घरात नाण्यांच्या दोन जाती होत्या. खरी तबकात राहत. त्यांना कडेनं धरायचं, दोन बोटांत, खाली दुसरा तळहात नाहीतर मऊ कापड. बाबा ड्रॉइंगचे मास्तर होते, शाळेत कुणावर हात उगारत नसत. पण इलिन्काचा अंगठा नाण्याच्या चेहऱ्यावर पडला की मनगटावर अशी टिचकी बसायची की डोळ्यांत पाणी यावं. खोट्या नाण्यांना हा मान नव्हता. ती बिस्किटांच्या डब्यात पडलेली असत. ती मुठीत धरा, चिवडा, भातुकलीत खेळा, कुणी विचारत नसे.

ते एक नाणं मात्र दोन्ही जातींतून हद्दपार झालेलं होतं.

इलिन्का शाळेच्या शेवटच्या वर्षात असताना बाबांना ते मिळालं होतं, बाजारात बसणाऱ्या एका म्हातारीच्या बटणांच्या बरणीत. माशाच्या खवल्याएवढं पातळ, काळसर चांदीचं. आठवडाभर ते भिंगाखाली होतं. मग एके दिवशी जेवताना बाबांनी काटा खाली ठेवला आणि म्हणाले, "मला वाटतं मी वेडा झालोय. पण त्यावर नाव आहे." नाव एका राजाचं होतं, ज्यानं वालाकिया या जुन्या मुलखावर जेमतेम एक हिवाळा राज्य केलं. पुस्तकांत त्याच्यावर दीड ओळ असते. त्यानं नाणी पाडली होती असं कुणी म्हटलेलं नव्हतं. बाबा त्या दिवशी मंडळात गेले ते लग्नातला कोट घालून. इलिन्काही गेली होती.

डॉक्टर पाम्फिलांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. मग त्यांनी नाणं मुठीत घेतलं, चेहऱ्यावर अंगठा दाबला आणि टेबलावर टाकलं.

"ओतीव आहे, साबिन. ठसा मारलेलं नाही. कडेला बारीक बुडबुडे आहेत. कुणीतरी चमचा वितळवलाय."

बस. रोज दात ओतणाऱ्या माणसाला धातूत काय कळतं असं कोण म्हणणार? कुणीतरी हसलं, मग सगळे हसले, बाबाही हसले. त्या दिवसापासून त्या नाण्याचं नाव पडलं चमचा. "साबिन, चमचा आणलास का? आज सूप आहे." "साबिन, एवढा मोठा राजा, आणि ताटलीतच संपला?" कोस्ताके तर त्यांना भर बाजारात हाक मारून विचारायचा. बाबा प्रत्येक वेळी हसत. ते मंडळात जात राहिले, पण पुन्हा कधी नवीन नाणं टेबलावर ठेवलं नाही. दुसऱ्यांचं पाहत, "छान आहे" म्हणत. घरी त्यांनी एकेक करून तबकातली नाणी काढायला सुरुवात केली. हे संशयास्पद वाटतं, तेही वाटतं. बिस्किटांचा डबा भरत गेला. इलिन्का लग्न करून कॉन्स्तान्त्साला गेली, सुट्टीत यायची तेव्हा दर वेळी एखादं तबक कमी झालेलं असायचं. इस्पितळात शेवटी शेवटी ते तिच्या स्वेटरचं बटण दोन बोटांत धरून उलटसुलट पाहत राहायचे आणि म्हणायचे, "मला नको विचारू. माझा डोळा ओतीव आहे."

आता टेबलाभोवती म्हातारे वाकले होते. कोस्ताकेनं एक ग्रीक तांब्याचं नाणं उचललं आणि त्या जागी असं काहीतरी ठेवलं की इलिन्कानं नजर वळवली. दुसऱ्यानं रोमन सम्राट ट्राजानचं रुप्याचं घेतलं. "साबिनचा हात लागलाय याला," तो म्हणाला आणि मनापासून म्हणाला, पण ठेवताना खिशातून जे निघालं ते ठेवलं. आत्या कागदी द्रोणांत कोलिव्हा वाढत होती. वाइनचे प्याले भरले जात होते. प्रत्येक जण पिण्याआधी मेलेल्याच्या नावानं एक थेंब फरशीवर सांडत होता.

डॉक्टर पाम्फिल शेवटच्या तबकापाशी आले. इलिन्का खिडकीच्या काचेत त्यांचं प्रतिबिंब पाहत होती, पाहायचं म्हणून नव्हे, नजर तिथे होती म्हणून. त्यांनी एकदा मागे पाहिलं. मग दोन बोटं कोपऱ्याकडे गेली.

त्यांनी चमचा कडेनं उचलला. डावा तळहात आपसूक खाली आला, एखाद्या आईचा हात पाळण्यातल्या बाळाच्या मानेखाली जावा तसा. क्षणभरच. मग त्यांना स्वतःचंच भान आलं असावं. त्यांनी पटकन मूठ मिटली आणि अंगठा वर दाबला, जसा वीसेक वर्षांपूर्वी दाबला होता.

पण हात आधी बोलून गेला होता. बिस्किटांच्या डब्यातल्या नाण्याला कुणी असं उचलत नाही. जो जन्मभर नाणी हाताळतो त्याचं तोंड खोटं बोलेल, डोळे बोलतील, बोटं बोलणार नाहीत.

इलिन्का जागेवरून हलली नाही. डॉक्टरांनी जाकिटाच्या आतल्या खिशातून एक छोटी डबी काढली आणि त्यातलं नाणं रिकाम्या खळग्यात ठेवलं. कोस्ताकेनं वाकून पाहिलं आणि शीळ घातली. ते समुद्रकाठच्या जुन्या ग्रीक वसाहतीचं होतं, दोन डोकी असलेलं, एक सुलट, एक उलट. डॉक्टरांच्या संग्रहातलं सगळ्यात देखणं. त्यांनी ते कुणाला हाताळायलाही दिलं नव्हतं.

"काय हो डॉक्टर! चमच्याच्या बदल्यात हे? आज भूल स्वतःलाच टोचलीत काय?"

"मित्राची आठवण आहे," डॉक्टर म्हणाले.

एक-दोघांनी डोळे टिपले, आणि ज्यांनी चिल्लर ठेवली होती ते टेबलापासून जरा लांब सरकले.

"डॉक्टरकाका," इलिन्का म्हणाली, "जरा बाहेर येता? बोलायचं होतं."

बाहेर जिन्याच्या तोंडाशी कोट टांगले होते. बाबांची खुंटी मोकळी होती. त्यांच्या खुंटीवर कुणी कोट टांगला नव्हता. इलिन्कानं दार लोटून घेतलं.

"ते परत द्या."

"कोणतं, पोरी? तो चमचा? अगं, रीत आहे. मी बदल्यात—"

"रीत तबकातल्या नाण्यांची आहे. खोटी नाणी आमच्याकडे डब्यात असतात. ते चुकून टेबलावर आलं. तुम्हीच खोटं ठरवलंय ते, मग खऱ्याच्या बदल्यात कसं देऊ? माझ्या बाबांनी कधी कुणाला असं फसवलं नाही."

डॉक्टरांनी मिशीवरून बोट फिरवलं. हसायचा प्रयत्न केला. "तू अगदी साबिनवर गेलीस. तोही असाच. मी दोनदा मागितलं होतं त्याच्याकडे, माहीत आहे? म्हटलं दे, गंमत म्हणून राहील माझ्याकडे. तर म्हणतो, 'नाही डॉक्टर, खोटं आहे, तुमचं तबक बाटेल.'"

हे सांगून झाल्यावर आपण काय सांगितलं ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मान खाली घातली.

"तुम्हाला कधी कळलं?" तिनं विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं.

"काय कधी—"

"काका, तुम्ही ते कडेनं उचललंत."

खाली रस्त्यावरून ट्राम गेली. जिन्याचा कठडा थरथरला. ती गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "त्याच आठवड्यात. पुन्हा तुमच्या घरी येऊन पाहिलं होतं मी, स्वयंपाकघरात, दिवसाउजेडी. तुझी आई होती तेव्हा. बुडबुडे नव्हतेच. मातीत पडून राहिल्यानं पडलेले खड्डे होते."

"आणि?"

"आणि काय! सगळ्यांसमोर बोललो होतो. अध्यक्ष होतो नुकता झालेला. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू. मग त्याच्या पुढच्या. तोवर चमचा चमचा सुरू झालं होतं. तोही हसायचा ना! मला वाटलं त्याला काही फरक पडत नाही."

"पडत होता."

"तो हसायचा," डॉक्टर पुन्हा म्हणाले, जणू फसवणूक त्यांचीच झाली होती.

इलिन्कानं हात पुढे केला. डॉक्टरांनी मूठ उघडली नाही. त्यांचे डोळे पाणावले होते, आणि ते पाणी कशासाठी होतं ते तिला समजेना. तिनं विचार केला. नाणं तिनं घरी नेलं तर? संग्रहालयात दाखवलं तर? चेर्केझ मास्तरांचा चमचा म्हणून अख्ख्या गावाला ते माहीत होतं. संग्रहालयातला माणूस मंडळाला विचारणार, मंडळ डॉक्टरांना विचारणार. या माणसाच्या एका शब्दानं ते खोटं झालं होतं, आणि याच्याच शब्दानं ते खरं होणार होतं. बाबांचा डोळासुद्धा.

"तुम्हाला ते हवंय ना?" ती म्हणाली. "मग आत चला आणि सगळ्यांसमोर सांगा. ते खरं आहे. साबिन चेर्केझनं ते ओळखलं होतं. एवढं सांगा आणि घेऊन जा."

तिला वाटलं होतं ते घासाघीस करतील, निदान वेळ मागतील. पण डॉक्टर पाम्फिलांनी लगेच मान हलवली. रुमालानं डोळे पुसले, टाय सारखा केला आणि दार उघडून आत गेले. त्यांची पाठ एकदम ताठ झाली होती.

त्यांनी प्याल्यावर पेन वाजवलं.

"मित्रांनो, साबिनसमोर आज एक ओझं उतरवायचंय." ते थांबले. बोलणं त्यांना नेहमीच साधायचं. "हा चमचा," त्यांनी नाणं वर धरलं, आता कडेनं, सगळ्यांना दिसेल असं, "हा चमचा नाही. हे खरं आहे. ठसा मारलेलं, चांदीचं, त्याच राजाचं. साबिननं पहिल्या दिवशी ओळखलं होतं."

कुणीतरी प्याला खाली ठेवला. कोस्ताकेचं तोंड उघडं राहिलं, आत अर्धवट चावलेला गहू दिसत होता.

इलिन्कानं श्वास सोडला. झालं, तिला वाटलं. पण डॉक्टर खाली बसले नाहीत.

"तुम्ही म्हणाल, मग मी तेव्हा ओतीव का म्हटलं? ते दिवस आठवा. घरातली चमचाभर जुनी चांदीसुद्धा लिहून द्यावी लागायची. चांगलं काही आहे असा वास लागला की दुसऱ्या दिवशी दारात सरकारची चामडी कोटातली माणसं, आणि नाणं राजधानीत. तिथून कुणाच्या खिशात, देव जाणे. आपल्यातही वर खबर देणारे लोक बसत होते, आठवतंय ना?" म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. "साबिन आदल्या दिवशी माझ्याकडे आला होता. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. मी खोटं म्हणायचं, त्यानं हसायचं. हे नाणं वाचवायचा दुसरा मार्ग नव्हता. मी शब्द दिला होता की तो असेपर्यंत गप्प राहीन. आज तो नाही."

मग कोस्ताके रडू लागला. मोठ्या माणसाचं रडणं, खांद्यांसकट. "आणि मी त्याला भर बाजारात... सूप आहे म्हणून... आणि तो हसायचा, अरे देवा, तो मनात आपल्यालाच हसत होता!"

"शेर माणूस," दुसरा म्हणाला. "एवढी वर्षं पोटात ठेवलं!"

"दोघंही शेर," तिसरा म्हणाला आणि डॉक्टरांच्या पाठीवर हात ठेवला. "डॉक्टर, तुम्हीही. मित्राच्या शब्दासाठी स्वतःची विद्या पणाला लावलीत. मंडळाच्या पत्रिकेत छापलं पाहिजे. दोघांच्या नावानं."

डॉक्टर पाम्फिलांनी नम्रपणे हात हलवला. मग ते तिच्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. विनंती होती, आणि त्याखाली एक पक्का हिशेब, जो त्यांनी जिन्याच्या तोंडाशी, ती बोलत असतानाच केला असणार.

"इलिन्का, पोरी, साबिननं तुला तरी सांगितलं असेल ना?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. कोस्ताकेचा ओला चेहरा, त्या खाली गेलेल्या मिश्या, पुढे आलेली पांढरी डोकी. त्या क्षणी बाबा त्यांच्यात कधी नव्हते एवढे मोठे झाले होते. ते मूर्ख नव्हते, त्यांचा डोळा ओतीव नव्हता, ते हसत होते ते लाजेनं नव्हे. नाही म्हटलं असतं तर? तर दोन माणसांचं भांडण उरलं असतं, त्यातला एक मेलेला आणि दुसरा अध्यक्ष. नाणं पुन्हा चमचा झालं असतं. आणि बाबा इस्पितळातल्या त्या खाटेवर परत गेले असते, हातात स्वेटरचं बटण धरून.

"हो," ती म्हणाली. "मला सांगितलं होतं."

टाळ्या नाही वाजल्या, चाळिसाव्याला वाजवत नाहीत. पण खोलीत एक मोठा उसासा फिरला, खुर्च्या सरकल्या, म्हातारे डॉक्टरांना मिठ्या मारू लागले. कुणी बाबांच्या नावानं फरशीवर वाइन ओतली, थेंब नव्हे, अख्खा प्याला. डॉक्टरांनी नाणं डबीत ठेवलं आणि डबी आतल्या खिशात. एकानं चोरून आपली चिल्लर उचलली आणि त्या जागी बऱ्यापैकी एक नाणं ठेवलं.

इलिन्का आत्याकडे वळली. लेओन्तिना आत्या ताटापाशी उभी होती. वाढायचा डाव तिच्या हातात तसाच होता, त्यावरचा गहू द्रोणात पडायचा राहून गेला होता.

"तुला सांगितलं," ती हळू म्हणाली. "डॉक्टरला सांगितलं. मी दर गुरुवारी त्याच्याकडे जेवायला जायची, तुझी आई गेल्यापासून. त्याची बटणं शिवली, त्याला आंघोळ घातली शेवटी. मी त्याला म्हणायची, अरे जाऊ दे, एका चमच्यासाठी किती दिवस कुढशील. तो मान हलवायचा." तिनं डाव ताटात ठेवला. "माझ्यावर विश्वास नव्हता होय त्याचा? मी कुणाला सांगितलं असतं?"

"आत्या—"

"नको. काही बोलू नकोस. सख्ख्या बहिणीला नाही सांगितलं."

तिनं रुमाल उचलला, अर्ध्याहून जास्त भरलेल्या ताटावर टाकला, आणि कोट घ्यायला बाहेर गेली.